मोठे सिलिंडर, थंड इंजिन

फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचे सिलिंडर मोठे करण्याचं काम सर्वांत आधी कारखान्यानंच केलं. १९३८ च्या गाड्यांत सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर होता आणि इंजिन ९८५ सीसीचं. पुढे व्यास ७५ झाला, १९५४ पासून ७७, १५०० च्या इंजिनात ८३ आणि १६०० मध्ये ८५.५. मूळ रचना तीच राहिली. दोन बाजूंना आडवे निजलेले चार सिलिंडर, मधे दोन अर्ध्या भागांचं केसिंग आणि वर पट्ट्यावर फिरणारा पंखा. मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथल्या कारखान्यातून जुलै २००३ मध्ये शेवटची बीटल बाहेर पडली, तिचंही इंजिन १६०० चंच होतं.

या इंजिनात पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासारखा एकसंध ब्लॉक नसतो. प्रत्येक सिलिंडर सुटा असतो, आणि हेड उतरवलं की तो हातात येतो. जुना झिजलेला सिलिंडर काढून मोठा बसवायचा मोह त्यामुळेच होतो, आणि पिस्टन-सिलिंडरचे तयार संचही जगभर मिळतात. पण असा संच विकत घेणं हा या कामातला सर्वांत लहान भाग आहे. मोठ्या सिलिंडरात जास्त पेट्रोल जळतं, जास्त उष्णता तयार होते, जड पिस्टन क्रँकला जास्त झटके देतात. आणि हे सगळं सोसायचं असतं ते जुन्या केसिंगला आणि त्याच पंख्याला. म्हणून माझा सल्ला असा: इंजिन किती सीसीचं करायचं हे केसिंग मोजल्यावर ठरवा, आणि ताकदीवर खर्च करण्याआधी थंडाव्यावर करा. इथला सगळा हिशेब दुहेरी पोर्टच्या हेडचं १६०० इंजिन धरून केलेला आहे.

कोणता व्यास निवडावा

क्रँकचा स्ट्रोक ६९ मिलिमीटर तसाच ठेवला तर ८७ च्या सिलिंडरानं इंजिन १६४१ सीसीचं होतं, ८८ नं १६७९, ९०.५ नं १७७६, ९२ नं १८३५ आणि ९४ नं १९१५ सीसीचं. आकडा वाढेल तसं इंजिन चांगलं, असं मात्र होत नाही. सिलिंडरच्या भिंतीची जाडी हा इथला कळीचा मुद्दा आहे.

८७ चे सिलिंडर केसिंग किंवा हेड न कापता थेट बसतात. वाढ जेमतेम सत्तावन्न सीसीची, तरी जुने सिलिंडर झिजलेलेच असतील आणि केसिंग उघडायचं नसेल तर ही निवड योग्य आहे. ८८ चेही न कापता बसणारे सिलिंडर मिळतात. त्यांच्यापासून लांब राहा. बाहेरचं माप तेच ठेवून आतून पोखरल्यामुळे त्यांची भिंत पातळ झालेली असते. तापल्यावर ती गोल राहत नाही, रिंगा धरत नाहीत आणि थोड्याच दिवसांत इंजिन ऑइल पिऊ लागतं. ९२ च्या जुन्या प्रकारात हीच अडचण आहे, कारण तो ९०.५ साठी कापलेल्या भोकात बसेल असा बनवलेला असतो. ९४ ची भिंत त्या मानानं बरी, पण त्यासाठी केसिंग आणि हेड स्टडच्या अगदी जवळपर्यंत कापावं लागतं. शिवाय एवढ्या इंजिनाला एक कार्बोरेटर पुरत नाही, आणि उन्हाळ्यात थंडाव्याची तारांबळ होते.

रोज चालवायच्या गाडीसाठी ९०.५ हा माझ्या मते सर्वांत शहाणा व्यास आहे. भिंत जाड, वाढ सुमारे १९१ सीसीची, म्हणजे बारा टक्के. केसिंग आणि हेड दोन्ही कापावी लागतात, त्यामुळे इंजिन पूर्ण उघडावं लागतं. पण इतक्या जुन्या इंजिनाच्या बाबतीत तेही बरंच. खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना जो जोर कमी पडतो तो इथे मिळतो. गाडी फार वेगानं पळू लागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

भारतात गाडी चालवणाऱ्यांनी पान्याला हात लावण्याआधी कागद तपासावेत. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाची क्षमता लिहिलेली असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्यावरचे तपशील बदलतील असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. आधी आरटीओकडे विचारणा करा आणि विमा कंपनीलाही कळवा. तिसऱ्या पक्षाच्या विम्याचे हप्ते क्षमतेच्या टप्प्यांवर ठरतात आणि त्यातला एक टप्पा १५०० सीसीचा आहे. १४९३ सीसीचं इंजिन वाढवलं की तो ओलांडला जातो. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर मोठ्या सिलिंडरांचा विचार सोडून द्या. २०२१ च्या नियमांनुसार ती नोंदणी मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे, आणि मूळ मापाचं इंजिन नीट बांधून घेणं हेही तितकंच मोलाचं काम आहे.

केसिंग काय सांगतं

इंजिन गाडीतून काढण्याआधीच एक तपासणी करून घ्यावी. मागची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. हाताला स्पष्ट जाणवेल इतकी ती सरकत असेल तर क्रँकचा एंड-प्ले वाढलेला आहे. नक्की आकडा डायल गेजनं घ्यावा. नव्या बांधणीत तो ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असतो आणि ०.१५ ही मर्यादा. त्याहून बराच जास्त असेल तर केसिंगमधली पहिल्या बेअरिंगची बैठक खराब झालेली असू शकते.

मूळ केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. हलकं, पण मऊ. क्रँकची चार बेअरिंगं त्यात बसतात आणि मधलं, म्हणजे दुसरं, सर्वांत जास्त सोसतं. मूळ क्रँकला तोल साधणारी वजनं नसतात. इंजिन जोरात फिरलं की क्रँक मधे किंचित लवतो आणि बेअरिंग आपल्या बैठकीवर ठोके देत राहतं. वर्षानुवर्षं हे चाललं की बैठक अंडाकृती होते, आणि नवं बेअरिंग घातलं तरी ऑइलचा दाब टिकत नाही. ९०.५ चे पिस्टन मूळ पिस्टनपेक्षा जड असतात, म्हणून ही झीज आणखी लवकर होते. बैठका तपासायच्या तर केसिंगचे दोन्ही भाग क्रँकशिवाय जोडा, नट ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि आतून मायक्रोमीटर लावा. पहिल्या तीन बैठकांचं मूळ माप ६५ मिलिमीटर. वेगवेगळ्या दिशांनी मोजताना फरक आला तर लाइन-बोअरिंग करून, म्हणजे सगळ्या बैठका एका रेषेत कापून, बाहेरून मोठ्या मापाची बेअरिंगं घालावी लागतील. हे काम एकदा आधी झालेलं असेल तर तेही मापावरून कळतं. पुन्हा किती वाव उरलाय हे बघूनच पैसे घाला.

दुसरी जागा तिसऱ्या सिलिंडरच्या मागची, फ्लायव्हीलच्या बाजूची. तिथे केसिंगला तडे जातात. रॉकेलनं धुऊन, पुसून, भिंग घेऊन उजेडात बघा. तडा असेल तर त्या केसिंगवर मोठे सिलिंडर चढवू नका. नवं अॅल्युमिनियमचं किंवा मॅग्नेशियमचं केसिंग मिळतं, ते घ्यावं. तिसरी गोष्ट हेडच्या स्टडची. जुन्या केसिंगमध्ये दहा मिलिमीटरचे स्टड असतात. तापल्यावर अॅल्युमिनियमचे हेड आणि मॅग्नेशियमचं केसिंग लोखंडी स्टडपेक्षा जास्त फुगतात, आणि जाड स्टड ताणला जाण्याऐवजी मऊ धातूतले आटे उपटून काढतो. नंतर कारखान्यानंच आठ मिलिमीटरचे स्टड आणि त्यांच्याखाली पोलादी आट्यांच्या बुशा वापरल्या. केसिंग उघडलंच आहे तर जुन्या इंजिनालाही ही सुधारणा करून घ्यावी.

मशीन शॉपमध्ये

कापाईचं काम अशा माणसाकडे द्या ज्यानं हे केसिंग पूर्वी हाताळलंय. ट्रॅक्टर-ट्रकचे ब्लॉक बोअर करणारे उत्तम कारागीर आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो. ही गोष्ट कारागिराला स्पष्ट सांगा. कीस साठू द्यायचा नाही, टूल बोथट ठेवायचं नाही, शेजारी कोरडी वाळू ठेवायची. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी अजिबात टाकायचं नाही, त्यानं आग भडकते.

कामाचा क्रमही ठरलेला हवा. आधी तडे बघणं, स्टड काढणं, मग लाइन-बोअरिंग, आणि त्यानंतर सिलिंडरची भोकं. भोकं क्रँकच्या रेषेला काटकोनात असली पाहिजेत, म्हणून ही रेष आधी सरळ व्हायला हवी. कागदावर मापं लिहून देण्यापेक्षा तुम्ही आणलेले चारही सिलिंडर कारागिराच्या हातात द्या. वेगवेगळ्या संचांत फरक असतो. सिलिंडर स्वतःच्या वजनानं आत उतरावा आणि बसल्यावर हलू नये, अशी बैठक हवी.

कापाई झाल्यावर केसिंगमधल्या ऑइलच्या वाटांची बुचं काढून, त्या जागी आटे पाडून स्क्रू बसवून घ्या. बुचं न काढता धुतलेल्या केसिंगमध्ये कीस अडकून राहतो आणि पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगांत जातो. प्रत्येक वाट ब्रशनं घासा, गरम साबणाच्या पाण्यानं धुवा, हवेनं कोरडी करा आणि लगेच ऑइलचा हात फिरवा. कोकणपट्टीत आणि मुंबईत तर मॅग्नेशियमवर खारी हवा फार लवकर चढते. हेड मात्र कॉस्टिक सोड्याच्या हौदात टाकू देऊ नका, अॅल्युमिनियम खाल्लं जातं. याच खेपेला पूर्ण ऑइल ज्यातून जाईल अशा फिल्टरची सोय करून घ्यावी. मूळ इंजिनात फक्त जाळीची चाळणी असते आणि ऑइल अवघं अडीच लिटर.

खालचा भाग बांधताना

तोल साधणारी वजनं असलेला क्रँक परवडत असेल तर या बांधणीत सर्वांत उपयोगी खर्च तोच. मूळ क्रँक ठेवायचा असेल तर तो भेगांसाठी तपासून, पॉलिश करून घ्या आणि इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या वर ताणू नका. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वजन करून जुळवा. चार पिस्टनांत एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. सोनाराचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरतो. जड पिस्टनच्या आतल्या कडेचा जादा धातू घासून वजन उतरवतात.

एकच कार्बोरेटर ठेवणार असाल तर मूळ कॅम पुरे. नवा कॅम घातला तर टॅपेटही नवेच घाला. जुने टॅपेट नव्या कॅमवर चालवले तर दोन्ही संपतात. कॅमच्या गिअरवरची खूण क्रँकच्या गिअरवरच्या दोन ठिपक्यांच्या मधे आली पाहिजे. बेअरिंगं त्यांच्या डॉवेल पिनांवर बसली आहेत याची बोटानं चाचपून खात्री करा, कारण पिनेवर न बसलेलं बेअरिंग केसिंग आवळताना चिरडलं जातं. दोन भागांच्या मधे गास्केट नसतं. न कडकणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ थर द्यायचा. सिलिकॉनची ट्यूब पिळू नका. आत निघालेले तुकडे ऑइलच्या वाटेत जाऊन बसतात.

केसिंगचे मोठे नट सुमारे ३४ न्यूटन-मीटरला आणि लहान २० ला आवळतात. टप्प्याटप्प्यानं आवळा आणि प्रत्येक टप्प्यावर क्रँक हातानं फिरवून बघा. फिरणं जड झालं तर तिथेच थांबा आणि उघडा. नंतर एंड-प्ले: आधी दोन शिम घालून फ्लायव्हील आवळून डायल गेजनं माप घ्या, त्यातून ०.१० वजा करा. उरेल तेवढ्या जाडीची तिसरी शिम. फ्लायव्हीलचा मधला नट तीनशे न्यूटन-मीटरच्या वर जातो, त्याला लांब दांडा आणि पक्की पकड दोन्ही लागतात.

डेक आणि कॉम्प्रेशन

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. पिस्टन सर्वांत वर आला की त्याचा माथा आणि सिलिंडरची कड यांच्यात जे अंतर उरतं त्याला डेक म्हणतात. ते एक ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान हवं. कमी असेल तर तापल्यावर पिस्टन हेडला भिडायची भीती, जास्त असेल तर जळणं नीट होत नाही आणि इंजिन ठोकू लागतं.

मोजायचं असं. रिंगा न घालता पिस्टन आणि सिलिंडर बसवा, सिलिंडर स्टडवर नळ्या आणि वॉशर घालून खाली दाबून ठेवा, डायल गेज पिस्टनच्या माथ्यावर लावा. पिस्टन सिलिंडरात किंचित डुलतो, म्हणून गजन पिनेच्या रेषेवरच माप घ्या. चारही मोजा. एका बाजूच्या दोन सिलिंडरांत काही शतांशांहून जास्त फरक निघाला तर केसिंगची बैठक वाकडी कापली गेली आहे. तो फरक शिमनं झाकू नका, कारागिराकडे परत जा. डेक कमी भरला तर सिलिंडरच्या बुडाशी शिम घालतात. शिमची जाडी वाढली की हेड बाहेर सरकतं आणि पुशरॉडची लांबी कमी पडते, हे लक्षात ठेवून रॉकरचा कोन पुन्हा तपासा.

आता हेडमधली पोकळी मोजा. हेड उलटं ठेवून व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, वर भोक पाडलेली सपाट पारदर्शक काच किंवा अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवा आणि औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजनं पातळ ऑइल भरत जा. किती सीसी मावलं ते लिहून ठेवा. हे माप हेड कापून झाल्यावरच घ्यायचं, कारण कापाईनं पोकळी बदलते.

समजा पोकळी ५० सीसी आहे आणि डेक १.३ मिलिमीटर. मूळ ८५.५ च्या सिलिंडराला एका सिलिंडरची क्षमता ३९६ सीसी आणि डेकमधली जागा साडेसात सीसी. कॉम्प्रेशन ७.९ येतं. त्याच हेडवर, त्याच डेकला ९०.५ चा सिलिंडर बसवला तर क्षमता ४४४ सीसी, डेकमधली जागा ८.४ आणि कॉम्प्रेशन ८.६. दुसरं काहीही न बदलता नुसत्या व्यासानं कॉम्प्रेशन इतकं चढलं. थंड हवेत ८.६ चालून जाईल. विदर्भात, मराठवाड्यात किंवा मे महिन्यात घाटांत फिरणाऱ्या गाडीला मी आठच्या आसपास ठेवण्याचा सल्ला देईन. त्यासाठी डेक वाढवू नका, हेडची पोकळी ५५ सीसीपर्यंत उघडून घ्या. मग हिशेब बरोबर आठवर येतो. पोकळी उघडताना व्हॉल्व्हभोवतीचा आडोसाही घासला जातो आणि हवा मोकळी वाहते, तो फायदा वेगळा.

रिंगांची फट सिलिंडरात रिंग सरळ बसवून फीलर गेजनं मोजा. वरच्या रिंगेला ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर ठीक आहे. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे हवा. गजन पिनेचे सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्याचा आवाज ऐका आणि तरीही स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं फिरवून बघा.

हेड

व्हॉल्व्हची बैठक आणि प्लगचं भोक यांच्या मधे तडे शोधा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दिसायला चांगले असले तरी नवेच घाला. त्याचा माथा दांड्याला जोडलेला असतो, वर्षानुवर्षं तापून तो थकतो, आणि तुटला तर पिस्टन, हेड, सिलिंडर सगळं घेऊन जातो. गाइड ढिले असतील तर तेही बदला.

नव्या हेडमध्ये आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. ओतकामात फिनांच्या मधे धातूचा पातळ पापुद्रा राहतो आणि हवेची वाट बंद करतो. हेड उजेडासमोर धरा. जिथून आरपार दिसत नाही तिथे बारीक गोल कानस किंवा लांब ड्रिल हातानं चालवून वाट मोकळी करा. अर्ध्या तासाच्या या कामाचा फायदा कोणत्याही महागड्या ऑइल कूलरइतका आहे.

या इंजिनात सिलिंडर आणि हेड यांच्या मधे गास्केट नसतं, धातूवर धातू बसतो. सिलिंडरची वरची कड हेडमध्ये व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टनं थोडी घासून, धुऊन मगच बसवा. पुशरॉडच्या नळ्या बसवण्याआधी ओढून १९० ते १९१ मिलिमीटर लांब कराव्यात आणि त्यांची शिवण वर ठेवावी, नाहीतर ऑइल गळत राहतं. आठ मिलिमीटरच्या स्टडला शेवटचा टॉर्क २५ न्यूटन-मीटर, दहाच्या स्टडला ३१-३२. आधी सगळे नट हलके धरून, मग आडव्यातिडव्या क्रमानं. टॅपेट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरला लावा.

हवेची वाट

आपल्याकडच्या अनेक बीटलमध्ये इंजिनाभोवतीचे पत्रे काढून टाकलेले दिसतात. ‘हवा मोकळी लागू दे’ अशा समजुतीनं ते काढले जातात आणि इंजिन त्यामुळेच जळतं. पंखा वरून थंड हवा ओढतो, पत्रे ती फिनांतून खाली दाबतात आणि गरम हवा गाडीखाली जाते. पत्रे किंवा त्यांच्या कडेचं रबर नसेल तर खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर फेकतो. सिलिंडरच्या खाली बसणारे छोटे पत्रे नळ्या लावण्याआधीच घालावे लागतात, म्हणून ते विसरले जातात. मोठ्या सिलिंडरला ते थोडे अडले तर वाकवून बसवा, पण बसवाच.

जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात, तिसऱ्या सिलिंडरच्या बरोबर वर उभा असतो. त्या सिलिंडरला मिळणारी हवा आधी ऑइलनं तापलेली असते, आणि जळलेला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा तिसऱ्याचाच निघतो. १९७१ च्या मॉडेलपासून कारखान्यानं कूलर बाजूला सरकवला, त्याची हवा वेगळी बाहेर काढली आणि पंखाही रुंद केला. ९०.५ चे सिलिंडर बसवणार असाल तर ही नंतरची रचना पूर्ण घ्या, आवरण आणि पंखा दोन्ही. आवरणातल्या झडपा आणि थर्मोस्टॅट काढून फेकण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. झडपा हवा दोन्ही बाजूंना नीट वळवतात, त्या जागेवरच असू द्या.

ऑइलच्या तापमानाचा काटा बसवा. चालताना ८० ते १०५ अंश सेल्सिअस बरं, १२० च्या पुढे गेलं की गाडी बाजूला घ्यावी. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथत ठेवलं तर जोर जास्त आणि हवा कमी अशी स्थिती होते. एक गिअर खाली घ्या. आवाज वाढेल, इंजिन थंड राहील.

कार्बोरेटर, टायमिंग, पहिली सुरुवात

मूळ ३४ चा सोलेक्स कार्बोरेटर १७७६ ला चालतो, मुख्य जेट एक-दोन अंक मोठं करावं लागतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात मिश्रण पातळ पडतं, म्हणून जेट वाढवण्याची गरज आणखी आहे. पातळ मिश्रण म्हणजे गरम हेड. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं सुजतात आणि चिरतात. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, प्रत्येक टोकाला क्लॅम्प लावा, कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली पितळी नळी घट्ट आहे ना ते ओढून बघा, आणि पेट्रोलचा फिल्टर इंजिनाच्या खोलीत डिस्ट्रिब्युटरवर लटकवू नका. बीटल जळाल्याच्या घटनांमागे बहुतेकदा हीच जागा असते.

टायमिंग लाइट लावून, व्हॅक्यूमची नळी काढून, साडेतीन हजार फेऱ्यांवर ठिणगीचा पूर्ण अॅडव्हान्स २८ ते ३० अंशांवर ठेवा. उन्हाळ्यात २८ बरा.

सुरू करण्याआधी प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा. ऑइल पंपात बांधतानाच व्हॅसलिन भरलेलं असेल तर तो लगेच ओढतो. नवा कॅम असेल तर इंजिन सुरू होताच दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटं चालू ठेवा, आयडलिंगवर सोडू नका. कॅम आणि टॅपेट यांचे पृष्ठभाग याच वेळात एकमेकांना जुळतात. सपाट टॅपेटला जस्त असलेलं खनिज ऑइल लागतं, २०डब्ल्यू-५० आपल्या हवेला चालतं. शेजारी कोणीतरी अग्निशामक घेऊन उभं राहील अशी व्यवस्था करा.

त्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढा. रिंगा बसायला भार लागतो, घरासमोर उभ्या इंजिनात त्या बसत नाहीत. मध्यम वेगात जोर द्या, सोडा, पुन्हा द्या. एकाच वेगानं लांब महामार्ग गाठू नका. पाचशे किलोमीटरला ऑइल बदला, चाळणी काढून चुंबकानं तपासा, टॅपेट पुन्हा लावा. एखाद्या व्हॉल्व्हची फट प्रत्येक वेळी कमी भरत असेल तर तो व्हॉल्व्ह ताणला जातोय. तिथे नुसती फट जुळवून गाडी पुढे काढू नका, हेड उतरवा.